शेलूबाजारातले फिजीचे वाचक

आमचं वाचनालय ‘ड’ वर्गातलं. दोन खोल्या, चार लोखंडी कपाटं, वर्तमानपत्रांचं एक लांब टेबल, आणि दारातून आत शिरलं की डाव्या हाताला भित्तिपत्रकाचा फळा. शेलूबाजार हे रस्त्यावरचं गाव. कारंजा आणि मालेगावच्या मधे, नागपूर–संभाजीनगर रस्त्यावर वसलेलं. आता समृद्धी महामार्गही जवळून जातो. बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतली आणि तांड्यांवरची माणसं इथे येतात, त्यांतली काही वाचनालयातही डोकावतात. एरवी सकाळी पेपर वाचणारी म्हातारी मंडळी, दुपारी स्पर्धा परीक्षेची मुलं, संध्याकाळी गोष्टीची पुस्तकं बदलायला येणारी लेकरं, असा आमचा दिवस. सगळे एकाच खोलीत बसतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. ग्रंथपाल म्हणून मला हे फार सलायचं.

फळ्यावर जयंत्या-पुण्यतिथ्यांची माहिती लागायची. ती लावायला हवीच, पण तिच्यापुढे थांबून कुणी वाचताना दिसत नसे. त्या सुमारास देणगीत आलेल्या एका खोक्यात तोताराम सनाढ्य यांचं ‘फिजीद्वीप में मेरे इक्कीस वर्ष’ हे हिंदी पुस्तक निघालं. १९१४ साली पहिल्यांदा छापलेलं. दाखल नोंदवहीत त्याची नोंद करता करता पहिली पानं वाचली आणि संध्याकाळी पुस्तक घरी घेऊन गेले. फिरोजाबादजवळच्या खेड्यातला, बाप गेलेला एक पोरगा कामाच्या शोधात घराबाहेर पडतो. प्रयागला त्याला एक माणूस भेटतो, चांगल्या नोकरीचं आमिष दाखवतो, आणि १८९३ मध्ये हा पोरगा प्रशांत महासागरातल्या बेटावर उसाच्या मळ्यात उभा असतो. पुढे पाच वर्षं त्याची सुटका नाही. वाचताना माझ्या डोळ्यांपुढे सारखे ट्रक येत होते. दिवाळी झाली की आमच्या भागातल्या काही तांड्यांवरून माणसं, भांडी, शेळ्या, लहान लेकरं भरून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघणारे ऊसतोडीचे ट्रक.

मी ठरवलं, पुढचे काही महिने फळ्यावर फिजीच लावायचं.

पहिल्याच दिवशी पेपरच्या टेबलावरून एका काकांनी विचारलं, “ताई, आपल्या गावाचं एवढं सारं असताना फिजी काऊन?” त्यांचा प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, “काका, चार दिवस वाचून पाहा, मग सांगा.” ते वाचत राहिले. पुढे त्यांनीच जुन्या शालेय नकाशातून फिजी शोधून काढलं. नकाशाच्या पार उजव्या टोकाला, जिथे जगाची तारीख बदलते त्या रेषेजवळ, तीनशेहून अधिक बेटांचा तो पुंजका. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा तिथे दुपारचे बारा झालेले असतात. लेकरांना ही गोष्ट इतकी आवडली की वाचनालयाच्या घड्याळाखाली त्यांनी फिजीची वेळ लिहायला सुरुवात केली.

पहिल्या कागदावर मी साधी हकिकत लिहिली होती. १८७४ मध्ये इंग्रजांनी फिजी आपल्या ताब्यात घेतलं. तिथल्या मूळ रहिवाशांना मळ्यांवर राबवायचं नाही असं पहिल्या गव्हर्नरनं, आर्थर गॉर्डननं, ठरवलं. मग मजूर आणायचे कुठून? हिंदुस्थानातून. ‘लिओनिडास’ नावाचं जहाज १८७९ च्या मार्चमध्ये कलकत्त्याहून निघालं आणि १४ मे रोजी लेवुका बंदराला लागलं. वाटेत जहाजावर पटकी आणि देवी पसरल्या होत्या. त्यानंतर १९१६ पर्यंत साठ हजारांहून अधिक माणसं अशीच नेली गेली. कराराचं नाव त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झालं आणि माणसं ‘गिरमिटिया’. ऊस बहुतेक एकाच ऑस्ट्रेलियन कंपनीचा, कलोनियल शुगर रिफायनिंग कंपनीचा.

दुसऱ्या कागदावर मजुरीचा तपशील लावला आणि त्या कागदानं सगळं बदललं. करार पाच वर्षांचा. सोमवार ते शुक्रवार रोज नऊ तास, शनिवारी पाच तास. पुरुषाला दिवसाचा एक शिलिंग, बाईला नऊ पेन्स. पण नेमून दिलेलं काम पुरं झालं तरच. राहायला ‘लाइन’: दहा फूट लांब आणि सात फूट रुंद खोली, तीत तीन एकटे पुरुष किंवा एक जोडपं आणि त्यांची लेकरं. कामावर देखरेखीला गोरा ओव्हरसियर आणि त्याच्या हाताखाली आपल्यातलाच एक सरदार. परतीचा प्रवास फुकट, तो दहा वर्षं झाल्यावर. पाच वर्षांनी जायचं तर स्वतःच्या पैशानं.

बाजाराच्या दिवशी जवळच्या तांड्यावरचे एक म्हातारे बापू आत आले. ते वाचायला आले नव्हते, पाणी प्यायला आले होते. उभ्यानंच त्यांनी फळा वाचला. पुन्हा वाचला. मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, “ताई, याइले उचल किती भेटे?”

त्यांनी स्वतः उमेदीची वर्षं ऊसतोडीची मुकादमकी केली होती. कोणत्या कारखान्याला किती कोयते पुरवायचे, कुणाला किती उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यायची, कोण मधेच पळून जाईल, हे सगळं त्यांना तोंडपाठ. फिजीला जाणाऱ्याला आधी रोख पैसे मिळत नसत, वाटेतलं जेवणखाण आणि जहाजाचा प्रवास तेवढा फुकट, असं मी सांगितलं. ते खुर्चीत बसले. “म्हंजे कर्ज नसताना बी बांधून नेलं,” ते म्हणाले. “आमचा माणूस तं उचलीपायी जाते. फिटली नाही की पुढच्या सालीही जाते.” थोडा वेळ थांबून त्यांनी विचारलं, “अन् तो सरदार? तो त्याइच्यातलाच होता नं?” सरदाराबद्दल मला जे वाचायला मिळालं होतं ते मी सांगितलं. मजुरांशी त्यांच्या भाषेत बोलणारा, वरच्या साहेबाची मर्जी राखणारा, मजुरांच्या पैशातून आपला वाटा काढणारा, अनेकदा मारहाण करणारा. बापूंनी मान खाली घातली. मग म्हणाले, “पुढच्या बाजारी याचं आणखी काई असंल तं वाचून दाखवा. मी चार जणाइले घेऊन येतो.”

अशा तऱ्हेनं आमचं वाचन सुरू झालं. चैत्रात टोळ्या फडावरून परतल्या की बाजाराच्या दिवशी दुपारी वाचनालयात मी सनाढ्यांचं पुस्तक मराठीत सांगत वाचायची. तांड्यावरची माणसं यायची, पेपरवाले काका थांबायचे, स्पर्धा परीक्षेची मुलं आधी कानाला इअरफोन लावून बसायची आणि मग एकेक करून खुर्ची वळवायची. ज्यांच्या वावरात सोयाबीन आणि तूर असते तेही आणि जे दुसऱ्याच्या वावरातला ऊस तोडायला तीनशे-चारशे किलोमीटर जातात तेही, एकाच टेबलाभोवती. इतकी वर्षं शेजारी राहून गावातल्या कितीतरी लोकांना माहीतच नव्हतं की ‘कोयता’ म्हणजे फडावर एक हत्यार नसतं, एक नवरा-बायको असतात. हजेरी त्यांची मिळून एकच लागते. हे त्यांना त्या टेबलाशी कळलं. फिजीतल्या लाइनीची लांबी-रुंदी मोजता मोजता एकानं खोपीची लांबी-रुंदी सांगितली. पाचटाची खोप, आत शिरताना वाकावं लागतं, पावसाचं एखादं सरवट आलं की रात्रभर लेकरं मांडीवर. पेपरवाले काका त्या दिवशी पेपर न वाचताच घरी गेले.

माझा अनुभव असा आहे की आपल्या गावातल्या माणसाला त्याच्या हालांबद्दल सरळ विचारलं तर तो सांगत नाही. त्यात त्याची लाज असते, घरच्यांची अब्रू असते, मुकादमाशी पुढच्या वर्षी पुन्हा गाठ पडायची असते. दहा हजारांहून अधिक किलोमीटरवरच्या आणि शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांबद्दल मात्र मोकळेपणी बोलता येतं. बोलता बोलता वाक्य ‘त्यांचं’ म्हणून सुरू होतं आणि ‘आमचं’ म्हणून संपतं. मी हे इतक्या वेळा ऐकलं आहे की वाचनालयात परक्या मुलखाची पुस्तकं कशाला, असं कुणी म्हटलं तर मी आता वाद घालते.

गोखल्यांचं नाव निघालं तेव्हा स्पर्धा परीक्षेची मुलं पुढे सरसावली. गोपाळ कृष्ण गोखले त्यांना पाठ होते: जन्म १८६६, भारत सेवक समाज १९०५. पण याच गोखल्यांनी मार्च १९१२ मध्ये कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात गिरमिट पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला होता आणि सरकारी सभासदांच्या मतांमुळे तो पडला, हे त्यांच्या गाइडात नव्हतं. सी. एफ. अँड्र्यूज १९१५ मध्ये फिजीला जाऊन पाहून आले, १९१६ मध्ये मदनमोहन मालवीयांनी तोच प्रश्न पुन्हा कौन्सिलात आणला, १९१७ मध्ये माणसं नेणं थांबलं, आणि १ जानेवारी १९२० ला उरलेले करार रद्द झाले. मुलांनी हे वहीत उतरवून घेतलं. बापूंचा प्रश्न वेगळा होता. “करार सुटल्यावर ते लोकं गेले कुठी?”

बहुतेक तिथेच राहिले. याच उत्तरातून आम्ही फिजीच्या मातीत शिरलो, आणि गावच्या शेतकऱ्यांना सगळ्यात जास्त रस इथेच वाटला. फिजीतली ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन तिथल्या मूळ लोकांच्या कुळांच्या सामायिक मालकीची आहे. ती विकता येत नाही. गिरमिटियांची मुलं-नातवंडं तिच्यावर पट्ट्यानं ऊस पिकवत आली. १९७६ च्या कायद्यानं तीस वर्षांचे पट्टे ठरले. १९९७ पासून जुने पट्टे संपायला लागले आणि हजारो कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या कसलेलं वावर सोडून शहराची किंवा परदेशाची वाट धरावी लागली. हे सांगितल्यावर खोलीत दोन तट पडले. मक्त्यानं शेती करणारे म्हणाले, पिढ्या घातलेल्या माणसाला हाकलणं हा अन्यायच. ज्यांची थोडीफार जमीन महामार्गात गेली होती त्यांतले एक म्हणाले, “पण वावर इकताच येत नाही, हे किती चांगलं. आमच्या हाती पैसा आला अन् गेला. त्याइच्या नातवाले वावर तं दिसते.” दोन्ही बाजू मला पटत होत्या. फिजीतही हा प्रश्न इतका खोल आहे की १९८७ आणि २००० मधल्या सत्तापालटांमागे ही जमिनीची आणि देश कुणाचा, याची ओढाताण होती. मूळ फिजीयनांची बाजू मी मुद्दाम सविस्तर मांडली. आपल्या रक्ताची म्हणून फक्त गिरमिटियांची कैफियत वाचायची आणि ज्यांच्या बेटावर ते उतरले त्या माणसांना चित्रातल्या झाडांसारखं मागे उभं करायचं, हे मला बरोबर वाटत नव्हतं.

म्हणून एक महिना फळा त्यांचाच होता. गावात पाहुणा म्हणून जायचं तर आधी यंगोना नावाच्या झुडपाच्या मुळ्या प्रमुखापुढे ठेवायच्या, त्या विधीला ‘सेवूसेवू’ म्हणतात. मुळी कुटून पाण्यात कालवतात, लाकडी ‘तानोआ’त ठेवतात आणि नारळाच्या करवंटीतून एकेकाला देतात. डोकं पवित्र मानतात, त्यामुळे गावात टोपी घालून फिरत नाहीत. झाडाच्या सालीचं कापड, जमिनीत खड्डा खणून तापल्या दगडांवर शिजवलेलं जेवण, देवमाशाच्या दाताची मानाची भेट. लेकरांनी सालीच्या कापडावरची नक्षी चित्रकलेच्या वहीत काढली. आणि गिरमिटियांची मुलं-नातवंडंही यंगोना पिऊ लागली, संध्याकाळी तिच्याभोवती बसून रामायण गाऊ लागली, हे ऐकल्यावर आमच्या हरिपाठवाल्या आजोबांनी विचारलं की नशा चढते का. जीभ जरा बधिर होते, असं मी वाचलं आहे, तेवढंच सांगितलं.

बायका सुरुवातीला दारात बसायच्या. बाजार आटोपून, पिशव्या शेजारी ठेवून. त्या आत आल्या कुंतीची गोष्ट ऐकताना. गोरखपूरकडची ही गिरमिटिया बाई. १९१३ मध्ये ओव्हरसियरनं तिला मुद्दाम एकटीला दूरच्या केळीच्या बागेत कामाला लावलं आणि तिच्यावर हात टाकला. तिनं नदीत उडी घेतली. जवळ होडी घेऊन असलेल्या एका मुलानं तिला वाचवलं. तिनं आपली कहाणी लिहवून घेऊन कलकत्त्याच्या ‘भारत मित्र’ या वर्तमानपत्राला पाठवली, ती छापून आली आणि देशभर संताप उसळला. गोखल्यांच्या ठरावानं जे झालं नाही ते पुढे याच संतापानं झालं, असं मी ठामपणे मानते.

गोष्ट संपल्यावर कुणी बोललं नाही. मग मधल्या वयाच्या एका बाईंनी विचारलं, “तिचं पत्र लिवून कोनं देलं?” दुसरीनं सांगितलं की फडावर मुकादमाशी किंवा चिठ्ठी करणाऱ्याशी बोलायचं ते नवराच बोलतो. तिसरीनं सांगितलं की तिचा धाकटा फडात झाला. बाळंत होऊन काही दिवसांतच ती पुन्हा मोळ्या बांधायला उभी राहिली, कारण नाहीतर अर्धा कोयता धरला असता. त्या फडाचं, त्या गावाचं नाव मात्र तिला आठवत नव्हतं. शाळेत मुलाचं जन्मगाव शेलूबाजारच लिहिलं आहे.

याच सुमारास मी इतिहासकार ब्रिज लाल यांच्याबद्दल वाचत होते. ते फिजीतल्या लबासाजवळच्या ताबिया गावचे, १९५२ चा जन्म, आजोबा गिरमिटिया. तरुणपणी त्यांनी उत्तर भारतातून फिजीला गेलेल्या माणसांचे ४५,४३९ परवाने एकेक करून तपासले आणि त्यावरून कोण माणसं गेली, कुठून गेली, का गेली, हे १९८३ च्या ‘गिरमिटियाज’ या पुस्तकात मांडलं. त्या परवान्यावर नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं, गाव, उंची आणि अंगावरची खूण असे रकाने असत. सरकारनं ते आपल्या सोयीसाठी केले होते, माणूस पळाला तर ओळखता यावा म्हणून. पण शंभर वर्षांनी त्याच कागदावरून नातवंडं फिजीत सुवाच्या दफ्तरखान्यात आजोबाचं गाव शोधतात आणि विमानात बसून उत्तर भारतातल्या बस्तीला, आजमगढला येतात.

हे सांगितलं तेव्हा बापूंनी पिशवीतून एक जुनी लाल वही काढली. मुकादमकीच्या काळातली. कोयत्यांची यादी, उचल, टनाचा हिशोब. म्हणाले, “हे बी तसंच कामाचं व्हईल का?” नक्कीच होईल, मी म्हटलं. अलीकडे ऊसतोड कामगारांना ओळखपत्रं द्यायला सुरुवात झाली आहे, ती चांगलीच गोष्ट; पण मागच्या पिढ्या कुठे कुठे जाऊन आल्या, कोण फडावरच गेलं, कोणतं लेकरू कुठे जन्मलं, याची नोंद कुणाकडेच नाही. वही टेबलावर फिरली. बायकांनी ती सगळ्यात बारकाईनं पाहिली, ज्यांना वाचता येत होतं त्यांनी दुसऱ्यांना वाचून दाखवली. मग कुंतीच्या पत्राबद्दल विचारणाऱ्या बाईच म्हणाल्या, “यात माह्यं नाव नाही. ह्याइचंच हाय.” सगळ्या वहीत एकाही बाईचं नाव नव्हतं.

फिजीच्या परवान्यात प्रत्येक बाईचा कागद वेगळा असे, वर ठळक अक्षरात ‘बाईचा परवाना’ अशी नोंद, तिचं नाव, तिच्या बापाचं नाव, तिचं गाव. जिला नऊ पेन्स मिळत तिचाही. हे मी सांगितलं मात्र, बायकांची बोलणी सुरू झाली.

आता वाचनालयात एक जाड नोंदवही आहे. स्पर्धा परीक्षेची मुलं बाजाराच्या दिवशी पाळीपाळीनं बसून ती भरतात. रकाने परवान्यावरूनच घेतले, फक्त जात आणि अंगावरची खूण काढून टाकली. त्याऐवजी कोणत्या साली, कोणत्या कारखान्याला, सोबत कोण लेकरं, परत कधी, हे रकाने घातले. उचलीचा रकाना असावा की नाही यावर बरीच बाचाबाची झाली. पुरुषांना तो नको होता, बापूंनीच आग्रह धरला म्हणून तो राहिला. प्रत्येक बाईला वेगळी ओळ आहे. नवऱ्यासोबत गेली असली तरी ओळ वेगळी, आणि ती काय काम करायची तेही लिहायचं: तोडणी, मोळी बांधणी, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणं, वाढे विकणं. काही नवरे सांगायला येतात तेव्हा बायकोची ओळ ‘तेच’ म्हणून भरा म्हणतात. मुलं भरत नाहीत. पुढच्या बाजारी तिला घेऊन या, म्हणतात, आणि ती येते.